कुणी घेऊ नये

सोमवारी आमचं चष्म्यांचं दुकान बंद असतं. त्या दिवशी सकाळी मी आठवडाभर खरडलेलं परीक्षण कागदावर छापून जेवणाच्या टेबलावर ठेवते आणि बाबा लाल पेन घेऊन त्याच्यासमोर बसतात. व्हिडिओ गेमचं परीक्षण कागदावर छापून तपासणारं घर जगात आमचंच असावं. पण बाबांनी बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. पडद्यावर वाचलेलं त्यांना वाचल्यासारखं वाटत नाही. कागद लागतो, दोन्ही बाजूंना दोन बोटं मोकळी जागा लागते, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत घरात कुणी तोंड उघडायचं नसतं.

परीक्षणं मी पोटासाठी लिहीत नाही. पोटासाठी मी लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते. गेम मात्र शाळेपासून खेळते, आणि लिहायला लागले ती रागातून. माझं बरंचसं रागातूनच सुरू होतं. सहा वर्षांपूर्वी एका गेमबद्दल जो तो 'अप्रतिम, डोळे झाकून घ्या' म्हणत होता. मी घेतला. चाळिसाव्या मिनिटाला मला उलटी झाली, कारण त्यात सगळं जग सारखं डोलत होतं आणि हे एकाही शहाण्याने लिहिलं नव्हतं. मग मीच लिहिलं. चाळिसाव्या मिनिटाला उलटी झाली, बसमध्ये ज्यांना मळमळतं त्यांनी घेऊ नये. दुसऱ्या दिवशी अकरा अनोळखी माणसांनी आभार मानले. तेव्हापासून वाचक मला 'चष्मेवाली' म्हणतात आणि मी प्रत्येक परीक्षणात चार गोष्टी लिहिते: किती तास खेळले, कुठे अडकले, कुठे कंटाळले आणि शेवटी, कुणी घेऊ नये.

ही चौथी गोष्ट बाबांची. "गोड गोड काय, सगळेच सांगतात," ते म्हणाले होते. "कुणी घेऊ नये ते सांगायला छाती लागते."

बाबांची एक जुनी जखम आहे. छापखान्यात एकदा औषधाच्या पत्रकातली एक ओळ अक्षरजुळणीत गळाली आणि त्यांच्या नजरेतून सुटली. दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवावं, एवढीच ओळ. पत्रकं खोक्यांत भरायच्या आत कुणाच्या तरी लक्षात आलं, सगळी पुन्हा छापली, कुणाला काही झालं नाही. तरी बाबा अजून ती गोष्ट काल घडल्यासारखी सांगतात. चुकलेला शब्द डोळ्यांत खुपतो, म्हणतात, सुटलेला कुणाला खुपणार? वाक्य आपलं सरळ चाललेलं असतं. असं काही सुटलेलं दिसलं की ते त्या जागी छोट्या छपरासारखी एक खूण करतात. तिला हंसपद म्हणतात. लहानपणी माझ्या निबंधांच्या वह्या या छपरांनी भरलेल्या असायच्या आणि मला त्यांचा मनस्वी संताप यायचा.

आठ महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली. महिन्याभरात बोलणं परत आलं, मग पाय आला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं. हातही खांद्यापासून मनगटापर्यंत आला आणि तिथून पुढे बोटांनी संप पुकारला. एकदा आई फोनवर माझ्या मावशीला सांगत होती, "आता अगदी बरे आहेत गं, पहिल्यासारखे." फोन ठेवून आमच्याकडे बघत म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची." बाबा म्हणाले, "माझी झाकत असती तर आणखी काय हवं होतं." आम्ही तिघंही हसलो. मग आई उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

छापखान्याच्या मालकांनी त्यांची खुर्ची रिकामी ठेवली होती. मालक चांगला माणूस आहे. पण तिथे दिवसाला चाळीस पानं तपासावी लागतात, आणि डाव्या हाताने बाबांना माझं एक पान तपासायला अख्खी सकाळ लागायची. बरं व्हा आणि मग या, असं ठरलं होतं. बरं व्हायला हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई पंधरा दिवसांनी एकदा घरी येतात. त्यांना आम्ही फिजिओबाई म्हणतो. त्यांनी चिमट्यांचा व्यायाम दिला होता. कपडे वाळत घालायचे चाळीस चिमटे, उजव्या हाताने एकेक दाबून पत्र्याच्या डब्याच्या काठावर लावायचे. दिवसातून तीनदा. बत्तीस वर्षं बारीक टायपाच्या ओळी वाचणाऱ्या माणसाला डब्याला चिमटे लावायला बसवलं की कसं वाटत असेल ते मला दिसायचं. चार चिमटे लावून झाले की ते खिडकीबाहेर बघायला लागायचे.

आणि मग 'दोरपूल' मी घरात आणला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गेम साधा आहे. दरीवर दोरांचे पूल आहेत, एक माणूस आपणहून चालत ते ओलांडतो. वारा आला की उजव्या तर्जनीने कळ दाबून दोर घट्ट धरायचा, वारा गेला की सोडायचा. उशीर झाला की माणूस खाली. एवढंच. पण दऱ्या सुंदर आहेत, आणि पूल पार झाला की पलीकडच्या गावातली माणसं टाळ्या वाजवतात. मला परीक्षण लिहायचं होतं म्हणून मी खेळत होते. बाबा शेजारी बसून बघायचे. एके दिवशी म्हणाले, "बघू इकडे." फिजिओबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, खेळू दे की, बोट हलतंय ना, पण आधी चिमटे. 'पण आधी चिमटे' हे आमच्या घरात कुणी ऐकलं नाही.

पहिले दोन दिवस बाबा पहिल्याच पुलावरून पडत होते. तिसऱ्या दिवशी पार झाला. मी दुकानातून आले तर आई दारातच सांगायला उभी. "अगं, टाळ्या वाजल्या यांना." आठवड्याभरात पाच पूल झाले. बाबांचा चेहरा बदलला. दाढी रोज व्हायला लागली. चिमट्यांचा डबा आधी टेबलावरून कपाटावर गेला आणि मग कपाटात. एक दिवस जेवताना त्यांनी सांगून टाकलं की मालकांना फोन केला, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून येतो म्हणून. आईने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी सुखी मी तिला त्या आठ महिन्यांत पाहिली नव्हती.

फिजिओबाई आल्या तेव्हा त्यांनी मुठीचा जोर मोजायचं यंत्र बाबांच्या हातात दिलं. आकडा आला नऊ. दीड महिन्यापूर्वीही नऊच होता.

"तुमचं यंत्र बसलंय," बाबा म्हणाले.

बाईंनी ते आपल्या हातात दाबून बघितलं, मग माझ्या हातात दिलं. यंत्र ठणठणीत होतं. जाताना जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "चिमटे बंद केलेत ना त्यांनी? हे बघा, पहिल्या वर्षात जेवढं मिळवता येतं तेवढं नंतर मिळत नाही. नंतर दुप्पट कष्ट आणि निम्मं फळ. आता चार महिने राहिलेत." मी मान डोलावली आणि वर आले. वर बाबा आठवा पूल ओलांडत होते.

आता खरं काय ते सांगते. मला संशय आला तो त्यांच्या काळजीने नाही, मत्सराने आला. पुढच्याच आठवड्यात बाबा बाराव्या पुलावर पोचले आणि मी, वीस वर्षं खेळणारी, सातव्यावर दोनदा पडून, चिडून थांबले होते. मला हे झोंबलं. त्या सोमवारी दुपारी बाबा आतल्या खोलीत पडले होते, तेव्हा बारावा पूल कसा आहे ते बघू म्हणून मी त्यांचा गेम उघडला. आणि बघते तर वारा असा येत होता, जसा म्हातारा माणूस जिना चढतो. मी मागे जाऊन त्यांचा सातवा पूल काढला, मग माझा सातवा काढला आणि घड्याळ लावलं. माझ्याकडे दोन झुळकांमध्ये चार सेकंद होते. त्यांच्याकडे अकरा. मग मी मुद्दाम पडायला लागले. दर तीन पडण्यांमागे वारा थोडा मंद होत होता. गेम हे कुठे म्हणून सांगत नव्हता. पाटी नाही, सूचना नाही, बंद करायला बटण नाही. तुम्ही पडता, तो गुपचूप सोपा होतो आणि शेवटी टाळ्या वाजवतो.

आधी मला गेम बनवणाऱ्यांचा राग आला. मग राग ओसरला, कारण दिवसभर राबून आलेल्या माणसाला थोडं सांभाळून घेतलं तर त्यात वाईट काय? मग बाबांची पहिली तारीख आठवली.

आईला मी स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"त्यांना सांगायचं नाही," ती म्हणाली.

"आई, पहिल्या तारखेला ते छापखान्यात जाणार आहेत. तिथे पेन धरायला लागेल."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"चिमटे बंद केलेत त्यांनी."

"मी बोलेन चिमट्यांचं. गोडीत बोलेन. पण हे नको." ती वळली. "हसायला लागलाय माणूस. तुझ्या चार ओळींसाठी त्यांचा हात पुन्हा मोडू नकोस."

आईपुढे माझं काही चालत नाही. अळीमिळी गुपचिळी. ती चिमट्यांचं गोडीत बोलली, बाबा "हो हो" म्हणाले, डबा कपाटातच राहिला.

माझी स्वतःची मला लाज वाटत होती, कारण दुकानात मी अशी नाही. लोक आमच्याकडे अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात. मागे एक ट्रकवाले काका आले होते, त्यांना गाडी चालवायला कागद हवा होता. शेवटची ओळ त्यांनी घडाघडा म्हटली. मी तक्ता बदलला तर वरून तिसऱ्या ओळीत थांबले. चिडले, हात जोडले, घरी खाणारी पाच तोंडं आहेत म्हणाले. मी कागद दिला नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चिठ्ठी दिली. मला वाईट वाटलं, पण एका क्षणासाठीही शंका वाटली नाही. आणि इथे माझे वडील पाठ केलेला तक्ता म्हणत होते आणि मी दारात उभी राहून वा वा करत होते. दुकानात वाघीण, घरात शेळी.

त्याच आठवड्यात एका वाचक बाईंचा निरोप आला. 'चष्मेवाली ताई, माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झालाय. उजवा हात. कुणीतरी म्हणालं दोरपूल खेळून बोटं सुधारतात. तुम्ही लिहाल त्यावर ठरवीन, बाकी कुणावर माझा विश्वास नाही.' हा निरोप मी तीनदा वाचला. स्तुतीने अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात, माझं उतरलं.

म्हणून मी दोन परीक्षणं लिहिली.

एकात सगळं होतं. चार सेकंद, अकरा सेकंद, दर तीन पडण्यांमागे मंद होणारा वारा. आणि 'कुणी घेऊ नये'खाली: हात किंवा बोटं सुधारताहेत का हे या खेळावरून ठरवणाऱ्यांनी घेऊ नये, काही रुग्णांना यामुळे आपण बरे होतोय असं वाटतं आणि ते खरे व्यायाम सोडतात. दुसऱ्यात हे काही नव्हतं. दऱ्या, पावलांचे आवाज, टाळ्या, कंटाळवाणी सुरुवात. पहिलं मी मंगळवारी सकाळी प्रसिद्ध करणार होते. दुसरं बाबांच्या लाल पेनासाठी. बाबा पडद्यावर वाचत नाहीत, त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. जगाला खरं कळेल, घरात हसू राहील. मला वाटलं मी फार शहाणपणा केला. छापलेलं पहिलं परीक्षण मी दुकानाच्या पिशवीत घडी घालून ठेवलं आणि सोमवारी सकाळी दुसरं टेबलावर ठेवलं. पहिल्या तारखेला दहा दिवस होते.

बाबा येऊन बसले. चष्मा लावला. कागद डाव्या हाताने पुढे ओढला, उजवा हात कागदावर वजनासारखा ठेवला. आई बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसून चहा पीत होते. चहा गार झालेला होता.

त्यांनी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. एक शब्द दोनदा आला होता तो खोडला. 'कुठे अडकले' इथे आले आणि थांबले. ती जागा पुन्हा वाचली. मग लाल पेनाने, डाव्या हाताने, दोन वाक्यांच्या मध्ये छोटं छप्पर काढलं आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"इथे काय होतं?"

"कुठे?"

"इथे. 'सातव्या पुलापासून वारा त्रास देतो. पावलांचे आवाज छान आहेत.' मध्ये काय होतं?"

"काही नव्हतं."

"किती त्रास देतो? किती वेळाने येतो? कितव्यांदा पार झालं?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "उलटी झाली तेव्हा मिनिट लिहिणारी पोरगी तू. आणि इथे नुसतं 'त्रास देतो'?"

"मोजलं नाही, बाबा."

"घड्याळ लावून मोजत होतीस. दोन आठवड्यांपूर्वी, दुपारी. मी आत जागा होतो. तू तोंडाने आकडे म्हणतेस, लहानपणापासून."

बाहेरच्या खोलीतला कपड्यांचा आवाज थांबला. मी कपाकडे बघत राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवायची सोय नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"तुझ्या आधीपासून." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बत्तीस वर्षं मी काय केलं? दोन प्रती शेजारी ठेवून ताडून बघितल्या. त्या बाईंचं यंत्र म्हणालं नऊ. खेळ म्हणाला आठवा पूल. दोन प्रती जुळत नाहीत म्हणजे एकीत चूक आहे. बाईंसमोर म्हटलं यंत्र बसलंय. पण नंतर तुम्ही दोघी बाहेर गेलात तेव्हा तुझा तो कंट्रोलर इथे टेबलावर ठेवला. आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो."

"आणि?"

"चौदा वेळा पडला तो. पंधराव्यांदा आपोआप पलीकडे गेला. वारा आलाच नाही म्हण ना." ते थोडं हसले. "टाळ्या वाजल्या. हात माझे मांडीवर."

मी दुकानातल्यासारखं अवसान आणून म्हटलं, "मग खेळत का राहिलात? पूल का ओलांडत होतात रोज?"

"तुम्ही दारात उभ्या राहायचात ना दोघी. तुझी आई किती दिवसांनी गुणगुणायला लागली होती." ते खिडकीकडे बघायला लागले. "आणि मालकांना सांगून बसलो होतो. कुठल्या तोंडाने परत फोन करणार?"

"चिमटे तरी करायचेत, बाबा."

"कशाला? नऊचे नऊच आहेत." हे मात्र ते जोरात म्हणाले. "दीड महिना नऊ. तुला काय माहीत त्या डब्यासमोर बसणं काय असतं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं म्हटलं. मग बाबा जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही.

"मी वाट बघत होतो, तू लिहिशील म्हणून. म्हटलं, हिला खोटं लिहवत नाही, ही लिहीलच. सोमवारी कागद समोर येईल, त्यात असेल, मी वाचेन, तुझी आई वाचेल, आणि मला तोंडाने सांगावं लागणार नाही. मागच्या सोमवारी नव्हतं, म्हटलं अजून खेळत असेल. आज वाचत आलो, वाचत आलो, आणि 'पावलांचे आवाज छान आहेत'."

मी रडले. तिशी उलटलेली बाई जेवणाच्या टेबलाशी कशी रडते ते सांगण्यासारखं नसतं. आई दारात येऊन उभी राहिली होती, हातात अर्धी घडी घातलेला टॉवेल. तिने ऐकलं होतं सगळं. माझ्याकडे नाही, ती बाबांकडे बघत होती.

"अहो, मला तरी सांगायचं," ती म्हणाली.

"तू मला कुठे सांगितलंस?" बाबा म्हणाले.

आई येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"दुसरी प्रत कुठे आहे?" बाबांनी मला विचारलं.

"कुठली दुसरी?"

"पुन्हा तेच. तू लोकांना अर्धवट वाचायला देणार नाहीस. मला देशील. दुसरी प्रत आण."

मी दुकानाच्या पिशवीतून घडी काढून आणली. बाबांनी चष्मा लावला. आम्ही दोघी बसून राहिलो, आणि ते शब्द न शब्द वाचत गेले. चार सेकंद. अकरा सेकंद. 'कुणी घेऊ नये'पर्यंत आले. तिथे पेन थांबलं. त्यांनी 'काही रुग्णांना' या दोन शब्दांवर लाल रेघ मारली.

"हे कोण काही रुग्ण? तू किती रुग्ण बघितलेस?"

"एकच."

"मग?"

त्यांनी पेन डाव्या हातातून काढून उजव्यात दिलं. दिलं म्हणजे डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून पेनाभोवती वाकवली, आधी अंगठा, मग तर्जनी, मग मधलं. अंगठा सुटला. पुन्हा वाकवला. आईचा हात पुढे झाला तो मी टेबलाखाली धरून ठेवला. बाबांनी समासात पेन टेकवलं आणि लिहायला लागले. खांद्यातून लिहीत होते. एक अक्षर झालं की श्वास घेत होते. आठ महिन्यांत त्या हाताने लिहिताना मी त्यांना पाहिलं नव्हतं, आणि छापखान्यात ज्यांचं अक्षर बघून नवी माणसं खूण करायला शिकायची, त्या माणसाचा हात कागदावरून घसरत घसरत खालच्या ओळीत उतरला. बरीच मिनिटं गेली. मग त्यांनी पेन सोडलं, ते टेबलावरून गडगडत जमिनीवर गेलं.

कागद त्यांनी माझ्याकडे फिरवला. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"लागतंय का?"

लाल रेघा होत्या. एक गोल होता, एक काना असावा, पुढे सगळं एकात एक गेलं होतं. आठ महिने या हाताबद्दल त्यांनी काही विचारलं की माझं उत्तर तयार असायचं. छान आहे. सुधारतंय. परवापेक्षा पुष्कळ बरं. तेच आत्ताही जिभेवर आलं होतं, आणि माझ्या मुठीत आईची बोटं घट्ट झाली.

"नाही," मी म्हटलं. "नाही लागत, बाबा. एकही अक्षर लागत नाही."

त्यांनी मान डोलावली. कागद परत आपल्याकडे वळवला आणि स्वतःच लिहिलेलं बघत राहिले, जसं दुसऱ्या कुणाचं मुद्रित बघावं तसं.

"'माझ्या वडिलांना' असं आहे ते," ते म्हणाले. "घाल तिथे. आणि उद्या नको, आत्ता टाक. त्या सासूबाई थांबल्या असतील."

त्या बाईंचा निरोप मी आईला वाचून दाखवला होता. तेव्हाही ते आत जागे होते तर.

मी तिथेच बसून दुरुस्ती केली. 'माझ्या वडिलांना यामुळे आपण बरे होतोय असं वाटलं आणि त्यांनी खरे व्यायाम सोडले.' परीक्षण टाकलं. ते होईपर्यंत बाबा मालकांच्या नंबराकडे बघत होते, फोन डाव्या हातात. तो त्यांनी लावला नाही. फोन उपडा ठेवला.

"दुपारी करतो," ते म्हणाले. मग आईकडे बघून, "डबा कुठे आहे तो?"

आईने कपाटातून डबा काढला, पुसला, आणि चिमटे टेबलावर ओतले. बाबांनी उजव्या हाताने पहिला उचलला. तो दोनदा पडला, आम्ही कुणी उचलून दिला नाही. तिसऱ्यांदा काठावर बसला.

"किती वेळ लागला?" त्यांनी मला विचारलं. मी घड्याळ लावलं नव्हतं. दुसऱ्या चिमट्याला लावलं.